हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून तळकोकणात गाडीने जाताना रस्ता कसा निवडावा

डिसेंबर-जानेवारीत मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी किंवा उत्तर गोव्याकडे स्वतःच्या गाडीने निघणारे बहुतेक जण आदल्या रात्री नकाशाचे ॲप उघडतात आणि ते सर्वांत कमी वेळाचा म्हणून जो रस्ता दाखवील तो पक्का करतात. त्या वेळेचा अंदाज चुकीचा असतो असे नाही, पण अपुरा असतो. देशावरून कोकणात उतरायचे तर सह्याद्री ओलांडावाच लागतो, त्यामुळे येथे रस्ता निवडणे म्हणजे मुळात घाट निवडणे. हिवाळ्यात दिवस लहान असतो, उसाचा हंगाम भरात असतो आणि नदीकाठी पहाटे धुके साचते, त्यामुळे कोणता घाट घ्यावा हे ठरवताना त्या घाटात आपण किती वाजता असू हेही त्याच बैठकीत ठरवावे लागते. आधी वेळ, मग घाट आणि सर्वांत शेवटी किलोमीटर, असा विचाराचा क्रम ठेवावा.

आधी उजेडाचा हिशेब

पुण्या-कोल्हापूरच्या पट्ट्यात डिसेंबरअखेर सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाताशी उजेड जेमतेम अकरा तासांचा असतो. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला, तरी आपल्याकडे सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर होतो आणि सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस होऊन गेलेला असतो. त्यामुळे मकरसंक्रांतीच्या आसपास निघणाऱ्याला संध्याकाळी थोडा जास्त उजेड मिळतो, पण पहाटेचा अंधार मात्र लांबलेला असतो.

घाटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. कोकणात उतरणारे सगळे घाट पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दुपारी साडेचारनंतर उतरायला लागल्यास पश्चिमेकडे वळणाऱ्या प्रत्येक वळणावर कलता सूर्य थेट काचेवर येतो. काच आतून जरा धुरकट असली तर पुढचे वळण, कठडा आणि वर येणारा ट्रक सगळे एकाच पांढऱ्या झळाळीत मिसळून जाते. पुढच्याच वळणावर डोंगराची सावली येते आणि डोळ्यांना क्षणभर काहीच दिसत नाही. म्हणून घाट दुपारी चारच्या आत उतरून व्हावा, असा साधा नियम मी मानतो आणि बाकीचे सगळे वेळापत्रक त्यावरून मागे मोजत नेतो.

पुणे ते सातारा सुमारे ११० किलोमीटर, पुणे ते कऱ्हाड सुमारे १६० आणि पुणे ते कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर आहे. कागल ते सातारा या टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी सेवा रस्त्यावर उतरावे लागते, हे धरून कोल्हापूरला पोचायला चहा-नाश्त्यासह साडेचार ते पाच तास द्यावेत. दहा वाजता आरामात निघालेला माणूस अडीच-तीन वाजता कोल्हापुरात जेवायला बसतो आणि पाचच्या पुढे घाटमाथ्यावर पोचतो. त्याने कोणताही घाट निवडला तरी तो चुकीच्या वेळी निवडलेला असतो. याउलट सकाळी सहाला पुणे सोडणारा अकराच्या आत कोल्हापूर गाठतो, दुपारी एकच्या आसपास घाट उतरतो आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी समुद्रकिनारी असतो.

मग चारलाच का निघू नये, असे कोणी विचारील. पावसाळा सोडून इतर ऋतूंत तो सल्ला चांगला आहे, हिवाळ्यात मात्र नाही, आणि याचे कारण कृष्णाकाठ आहे.

धुके आणि ऊस

निरभ्र, वारा पडलेल्या थंड रात्री जमीन झपाट्याने निवते आणि तिच्या लगतच्या हवेतल्या बाष्पाचे धुके होते. जेथे नदी आहे, कालवे आहेत आणि पाटपाण्यावरची ओली शेते आहेत, तेथे ते अधिक दाट असते. साताऱ्यापासून पुढे महामार्ग नेमका अशाच मुलखातून जातो: उंब्रजजवळ तारळी, कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना, पुढे वारणा आणि मग पंचगंगा. धुके सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत दाट असते आणि साधारण साडेआठ-नऊपर्यंत विरते. नुकताच अवकाळी पाऊस झाला असेल तर त्यालाही उशीर होतो. चारला पुणे सोडणारा माणूस बरोबर सातला कऱ्हाडच्या पुलावर असतो, म्हणजे सर्वांत वाईट वेळी सर्वांत वाईट जागी. सहाला निघणारा तेथे नऊला पोचतो आणि त्याला ऊन मिळते. दोन तास जास्त झोपून प्रवास अधिक सुरक्षित होण्याचे असे प्रसंग फार नसतात.

उसाचा प्रश्न याहून मोठा आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि साधारण मार्चपर्यंत चालतो, म्हणजे आपला सहलीचा काळ आणि उसाच्या वाहतुकीचा काळ एकच असतो. कारखान्याकडे ऊस रात्रंदिवस जातो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस बांधलेला भार ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर आलेला असतो आणि मागे लोंबणारे वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, नेमके मागच्या दिव्यावर पडलेले असते. रिफ्लेक्टर लावलेला असला तरी तो पाचटाखाली झाकला जातो. अंधारात मागून येणाऱ्याला अशी ट्रॉली दिसते तेव्हा ती फार जवळ आलेली असते, शिवाय तिचा वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटरच असतो. बैलगाड्यांना तर दिवा नसतोच. फार तर गाडीखाली टांगलेला कंदील किंवा जूच्या टोकाला लावलेली चमकती पट्टी. मोठ्या महामार्गावर निदान डावी मार्गिका त्यांना सोडून देता येते. अडचण खरी येते ती कोल्हापूरपासून घाटाकडे जाणाऱ्या दुपदरी रस्त्यांवर. गगनबावडा रस्त्यावर कुडित्र्याचा कारखाना आहे, राधानगरी रस्त्यावर परित्याचा. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज आणि आजरा हा सगळाच उसाचा पट्टा आहे. यातून सुटका करणारा घाट नाही, सुटका फक्त दिवसाउजेडी जाण्यात आहे. नकाशाचे ॲप कधी कधी चार मिनिटे वाचवण्यासाठी महामार्ग सोडून उसाच्या फडांमधल्या एखाद्या गावरस्त्याला लावते; हंगामात तो मोह कटाक्षाने टाळावा, कारण समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला तर दोन्हीपैकी कोणालाच मागे घेता येत नाही.

कोणत्या गावाला कोणता घाट

मुक्काम रत्नागिरी किंवा गणपतीपुळ्याला असेल तर कोल्हापूर-मलकापूरमार्गे आंबा घाट, आणि चिपळूण-गुहागरला असेल तर कऱ्हाड-पाटणमार्गे कुंभार्ली, हे सरळ आहे आणि त्यावर फार खल करण्याची गरज नाही. प्रश्न पडतो तो सिंधुदुर्गासाठी, कारण तेथे उतरायला कोल्हापूरच्या बाजूने किमान चार वाटा आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे.

देवगड, विजयदुर्ग, कणकवली किंवा मालवणला जाणाऱ्याने गगनबावड्याचा विचार आधी करावा. कोल्हापूर ते गगनबावडा हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे आणि गावातून दोन घाट फुटतात: वैभववाडीकडे उतरणारा करूळ आणि खारेपाटणच्या दिशेने जाणारा भुईबावडा. करूळ हा मुख्य घाट, उतार तीव्र आणि दरी सतत डाव्या-उजव्या हाताला. भुईबावडा अरुंद असून त्याच्या वाटेला फार वाहने जात नाहीत. विजयदुर्गाकडे जायचे असेल तर तो सोयीचा, पण ज्यांना घाटात गाडी चालवण्याची सवय नाही त्यांनी त्याला पहिला पर्याय मानू नये.

राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट हा माझ्या मते कुटुंबासह आणि भरलेल्या गाडीने जाणाऱ्यासाठी सर्वांत समजूतदार पर्याय आहे. वळणे तुलनेने सैल आहेत, घाट संपताच फोंडाघाट बाजारपेठ लागते आणि तेथून कणकवलीला राष्ट्रीय महामार्ग ६६ गाठता येतो. मात्र हा रस्ता गव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या राधानगरी अभयारण्याच्या कडेने जातो. गवा संध्याकाळी व पहाटे चरायला बाहेर पडतो, त्याचा रंग काळपट असल्याने अंधारात तो दिसत नाही आणि त्याचे वजन छोट्या मोटारीच्या वजनाशी बरोबरी करू शकते. दिवसा सर्वांत सोपा असलेला हा घाट रात्री टाळावा, तो या कारणासाठी.

सावंतवाडी, वेंगुर्ले, रेडी, तेरेखोल आणि उत्तर गोव्यासाठी आंबोली हाच स्वाभाविक रस्ता आहे. महामार्गाने निपाणीपर्यंत जाऊन उत्तूरमार्गे आजरा गाठता येतो, किंवा थोडे पुढे संकेश्वरला महामार्ग सोडून गडहिंग्लजमार्गे आजऱ्याला येता येते. पहिला रस्ता अंतराने कमी आहे. दुसरा रुंदीकरण झालेल्या संकेश्वर-बांदा राष्ट्रीय महामार्गाचा असल्यामुळे, थोडा वळसा पडला तरी, मी तोच सुचवीन. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, सावंतवाडी तेथून सुमारे ३० किलोमीटरवर, आणि एवढ्या अंतरात हवा इतकी बदलते की माथ्यावर अंगात घातलेला स्वेटर दाणोलीला पोचेपर्यंत काढावा लागतो. हिवाळ्यात आंबोलीचे धबधबे आटलेले असतात, त्यामुळे पावसाळ्यासारखी रस्त्यावर उभी केलेल्या गाड्यांची रांग नसते. घाट म्हणून आंबोली खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी असते ती याच दिवसांत. आजरा, चंदगड आणि दोडामार्ग भागात रानहत्तींचा वावर आहे, एवढे येथेही अंधार टाळायला पुरेसे आहे.

पणजी, म्हापसा किंवा डिचोलीकडे जाणाऱ्यांना बेळगावहून चोर्ला घाट हा आणखी एक मार्ग आहे, आणि दक्षिण गोव्यासाठी खानापूर-रामनगर-अनमोड-मोले हा. या दोहोंत महामार्गावर जास्त वेळ आणि दुपदरी रस्त्यावर कमी वेळ जातो, हा त्यांचा फायदा. पण बेळगावपर्यंत खाली जाऊन पुन्हा पश्चिमेला वळायचे असल्यामुळे पुण्याहून निघणाऱ्याचा चोर्ल्याचा उतार बहुधा दुपारी उशिराच येतो. एका दिवसात पुणे-पणजी करायचे असेल तर आंबोली, आणि बेळगावात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचे असेल तर चोर्ला, अशी माझी वाटणी आहे. चंदगडकडून तिलारीमार्गे दोडामार्गला जाणारी वाट नकाशावर फार आखूड दिसते. ती आखूड आहे ती चढ-उतार अत्यंत तीव्र असल्यामुळेच, आणि अनोळखी चालकाने तिच्या भानगडीत पडू नये.

मुंबईहून निघणाऱ्यांसाठी

मुंबईकरांपुढे पहिली निवड घाटाची नसून महामार्गाची असते: पनवेलहून थेट मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा १७ आणि आताचा ६६, की द्रुतगती मार्गाने पुण्याला येऊन कोल्हापूरमार्गे? अंतर पहिल्या रस्त्याच्या बाजूने आहे. या रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून चालू आहे आणि त्याच्या रखडण्याबद्दल कोकणातल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. तरी त्याचे तुकडे पाडून पाहिले तर निर्णय सोपा होतो. सिंधुदुर्गातला भाग, म्हणजे खारेपाटणपासून झारापपर्यंतचा, उत्तम आहे. कशेडीला बोगदा झाल्यामुळे जुना वळणावळणाचा घाट चुकवता येतो. त्रासाचे ठिकाण म्हणजे रायगड जिल्ह्यातले इंदापूर आणि माणगाव, जेथे महामार्ग बाजारपेठेतून जातो आणि शनिवारी सकाळी व रविवारी संध्याकाळी वाहने मुंगीच्या गतीने सरकतात.

यावरून असे ठरवता येते. आठवड्याच्या मधल्या वारी निघत असाल तर ६६ घ्यावा, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या अटल सेतूने शहर सोडावे म्हणजे वाशी-पनवेलची गर्दी टळते. शनिवारी किंवा नाताळच्या सुट्टीत निघणे भाग असेल तर माणगाव सकाळी साडेसातच्या आत मागे टाकता येईल अशा बेताने निघावे. ते जमणार नसेल तर पुणे-कोल्हापूरचा लांब पल्ला पत्करावा आणि वाटेत साताऱ्याला किंवा कोल्हापूरला मुक्काम करावा. मुंबई ते मालवण एका दिवसात, तेही कोल्हापूरमार्गे, हिवाळ्याच्या उजेडात बसत नाही.

सागरी मार्गाने, म्हणजे दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत जाणे हा फार सुंदर प्रवास आहे. पण तो प्रवासच आहे, पोचण्याचा मार्ग नाही. त्यासाठी निदान दोन मुक्काम हाताशी असावेत.

ठरवलेला घाट उघडा आहे ना?

पावसाळ्यात घाट दरडींमुळे बंद पडतात, हे सगळ्यांना माहीत असते, आणि म्हणून हिवाळ्यात सगळे घाट उघडे असतील असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पाऊस थांबला की रस्त्यांच्या कामांचा हंगाम सुरू होतो. करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी बंद केला गेला तो जानेवारी २०२४ मध्ये, ऐन थंडीत, आणि तो वर्षभराहून अधिक काळ बंद राहिला. त्या काळात गगनबावड्यापर्यंत जाऊन फलक वाचून भुईबावड्याकडे वळणाऱ्या गाड्या नेहमीच दिसत. भोर-महाड रस्त्यावरचा वरंधा घाटही असाच वारंवार बंद असतो.

ॲपवर असा बदल दिसतोच असे नाही. घाट बंद करण्याचा आदेश जिल्हाधिकारी काढतात आणि तो स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतो, तेव्हा निघण्याच्या दोन दिवस आधी कोल्हापूर आणि सिंधुदुर्गच्या आवृत्त्या चाळाव्यात. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे एसटीच्या आगारात विचारणे. कणकवली, सावंतवाडी किंवा गगनबावड्याच्या चौकशी खिडकीवर ‘कोल्हापूर गाडी कोणत्या घाटाने जाते?’ एवढे विचारले की पुरते. एसटी ज्या घाटाने रोज चढते-उतरते तो घाट आपल्या गाडीला चालणारच. मुक्कामाच्या घरमालकालाही हे विचारता येते, पण त्याचे उत्तर तो स्वतः शेवटचा कधी घाट चढला होता यावर अवलंबून असते.

घाट पक्का झाल्यावर ॲपमध्ये फक्त शेवटचे गाव न टाकता घाटमाथ्याचे गाव मधला थांबा म्हणून टाकावे, म्हणजे वाटेत ते आपल्याला दुसरीकडे वळवत नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवावा, कारण घाटात मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा नसतो. इंधन कोल्हापूर किंवा निपाणीला भरून घ्यावे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलही असू द्यावे. पथकराबाबत, १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो (सुरू झाला तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती), तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यांपैकी जे आधी संपेल तोवर चालतो. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांपुरताच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो उपयोगी पडत नाही.

तारीख पाहून घ्यावी

वर्षअखेरीची गर्दी सर्वांना ठाऊक असते. पंचांगातली गर्दी ठाऊक नसते. पौष महिन्यात उंब्रजजवळ पालीला खंडोबाची मोठी यात्रा भरते आणि त्या दिवशी महामार्गाच्या त्या टप्प्यावर वाहतूक तुंबते. पौष पौर्णिमेला मांढरदेवीची यात्रा असते, त्यामुळे वाई आणि भोरच्या बाजूचे रस्ते भरलेले असतात. दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत शनिवार-रविवारी महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या सुरूर फाट्यापर्यंत आपल्याच रस्त्यावर असतात, तेव्हा खंबाटकी घाट चढताना लागणाऱ्या वेळात अर्धा तास जास्तीचा धरून ठेवावा.

निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव कर्नाटकात आहेत, आणि कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन साधारणपणे डिसेंबरात बेळगावातच भरते. सीमाप्रश्नावरचे वातावरण त्या दिवसांत तापते. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडी येथे महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली होती. दर वर्षी असे होत नाही, पण अधिवेशनाच्या आठवड्यात निघत असाल तर सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरची परिस्थिती त्या दिवशी सकाळी पाहून घ्यावी आणि शंका वाटल्यास हद्द न ओलांडता कोल्हापूरहूनच राधानगरी-फोंड्याने उतरावे. कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंत चौपदरी रस्ता असल्यामुळे या बदलाने फारसे बिघडत नाही.

परतीचा रस्ता वेगळा ठरवावा

जाताना निवडलेला घाट येतानाही योग्य असेलच असे नाही. येताना घाट सकाळी चढायचा असतो आणि डोंगराच्या पश्चिम अंगावर ऊन उशिरा येते, तेव्हा दहाच्या सुमारास पायथ्याशी पोचणे उत्तम. खरी काळजी शेवटच्या शंभर किलोमीटरची असते, कारण रविवारी संध्याकाळी कोल्हापूर, सातारा आणि महाबळेश्वरची सगळी वाहने एकाच वेळी पुण्याकडे येत असतात. साताऱ्याहून येताना खंबाटकीचा जुना बोगदा ओलांडल्यावर लागणारे नागमोडी वळण आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार, या दोन्ही जागा अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहेत. त्या उतारावर अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होण्याचे प्रकार वारंवार घडतात, त्यामुळे तेथे ट्रकच्या पुढे रेंगाळू नये आणि शक्यतो त्याच्याच मार्गिकेत राहू नये. मालवणहून सकाळी आठला निघाल्यास संध्याकाळी पाचपर्यंत हा उतार उजेडात उतरता येतो. ते शक्य नसेल तर रविवारची रात्र कोल्हापुरात काढावी, सोमवारी सकाळी नऊनंतर, धुके विरल्यावर, निघावे आणि अर्ध्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवावी.